लेकीकडे टोरांटोला जायचंय, पण थंडीची धास्ती वाटते

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. मी ६३ वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. हे ६७ वर्षांचे. ह्यांना रक्तदाब आहे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, आता तब्येत बरी आहे. माझे गुडघे दुखतात. आमची एकुलती एक लेक टोरांटोला असते, नॉर्थ यॉर्क भागात, फिंच सबवे स्टेशनपासून पाच मिनिटांवर. छोटं स्वतंत्र घर आहे. जानेवारीअखेर तिचे दिवस भरतात. डिसेंबरच्या मध्यावर या आणि मार्च संपेपर्यंत राहा, असं ती म्हणते. इकडे जो तो घाबरवतो. ‘हाडं गोठतील, साडेतीन महिने खिडकीतून बर्फ बघत बसाल.’ ह्यांनी स्वेटर जमवायला सुरुवात केली आहे. मी आजवर साडीशिवाय काही घातलेलं नाही. जावं का? तयारी काय करावी? आणि ते शहर बघायला मिळेल, की घर आणि दवाखाना एवढंच?
— एक वाचक, सातारा

उत्तर:

नमस्कार. जा, नक्की जा. आणि डिसेंबरातच जा, जानेवारीत नको. लेकीचे दिवस भरेपर्यंतचे पाच-सहा आठवडे तुम्हाला त्या शहराची ओळख करून घ्यायला मिळतील. बाळ आल्यावर तुम्हाला डोकं वर काढायला फुरसत नसेल.

मी त्या शहरात बारा हिवाळे काढले आहेत. तिथे आलेले कितीतरी आईवडील जवळून पाहिले. थंडीने आजारी पडलेले फार थोडे होते. घरात बसून खचलेले मात्र पुष्कळ पाहिले. मुलं सकाळी कामाला जातात, बाहेर पांढरं, आत शांतता. ‘उद्या जरा ऊन पडलं की जाऊ’ असं म्हणता म्हणता फेब्रुवारी उजाडतो. थंडीवर उपाय आहेत आणि ते पैशाने विकत मिळतात. घरात कोंडून घेतल्यावर येणाऱ्या उदासीवर तसा उपाय नाही, तिची काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यायची असते. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

आधी थंडी किती ते सांगते. टोरांटोत जानेवारीत दिवसाचं तापमान सरासरी उणे १ च्या आसपास आणि रात्रीचं उणे ७ च्या आसपास असतं. शेजारी ओंटारिओ सरोवर आहे, त्यामुळे कॅनडातल्या मधल्या शहरांइतकी कडाक्याची थंडी इथे नसते. पण मधूनच चार-पाच दिवस उत्तरेचं वारं सुटतं आणि पारा उणे १५ च्या खाली जातो. तेव्हा फोनवर नुसतं तापमान बघू नका, ‘फील्स लाइक’ असं लिहिलेला आकडा बघा. त्यात वारा धरलेला असतो. तो आकडा उणे २८ च्या खाली गेला, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी घरातच थांबायचं. असे दिवस हिवाळ्यात मोजकेच येतात, बाकीच्या दिवशी बाहेर पडता येतं.

एका गोष्टीत आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे ऊन म्हणजे ऊब. तिथे जानेवारीत निळंशार आकाश आणि लख्ख ऊन असेल तर समजावं, आज गारठा जास्त आहे. आभाळ भरलेलं असेल, बर्फ भुरभुरत असेल, तर बहुधा हवा त्यापेक्षा सौम्य असते. ऊन बघून कानटोपी घरी ठेवून निघू नका. उणे १५ ला पहिला श्वास घेतलात की नाकातले केस एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि पायाखालचा बर्फ कोरड्या वाळूसारखा करकरतो. पहिल्यांदा दचकायला होतं. मग सवय होते, इतकी की त्या करकर आवाजावरूनच आज किती थंडी आहे ते कळायला लागतं.

आता स्वेटर. ह्यांना म्हणावं, पुरे. स्वेटरवर स्वेटर चढवून तिथे भागत नाही, कारण लोकरीतून वारा आरपार जातो. तीन थर लागतात. अंगालगत थर्मल, त्यावर एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि सगळ्यांवर वारा अडवणारं, मांड्या झाकणारं, टोपीचं जॅकेट. अंगालगत सुती बनियन नको. चालून घाम आला की सुती कापड तो धरून ठेवतं आणि मग थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. थर्मलचे दोन-दोन जोड आणि एकेक चांगला स्वेटर साताऱ्याहून न्या. जॅकेट आणि बूट मात्र तिथेच घ्या. आपल्याकडे मिळणारं जाड जॅकेट शिमला-मनालीच्या हिशेबाचं असतं. फक्त लेकीला एवढं सांगा, की विमानतळावर येताना दोघांसाठी दोन जॅकेटं घेऊन ये, मैत्रिणीकडची मागून आणलेली चालतील. आठवड्याभरात स्वतःची घ्या. २६ डिसेंबरला तिथे बॉक्सिंग डेचे सेल लागतात, आणि वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगली जॅकेटं स्वस्तात मिळतात. त्यात कमीपणा नाही, तिथे सगळेच घेतात. हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहतात तसे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात.

पण खरा खर्च बुटांवर करा. थंडीपेक्षा मला तुमच्या गुडघ्यांची आणि घसरण्याची भीती जास्त वाटते. पडलेला बर्फ दुपारी थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो. तो दिसतच नाही, नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. त्याला ब्लॅक आइस म्हणतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बसथांब्यावर बस आलेली बघून मी दोनच पावलं घाईने टाकली आणि मनगट मोडून घेतलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता, वेणीसुद्धा घालता येत नव्हती. म्हणून सांगते, बस सुटली तर सुटू द्या, दुसरी येते. गुडघे किंचित वाकवून, पावलं छोटी, पाऊल पूर्ण टेकवत चालायचं. हात खिशात घालायचे नाहीत, तोल जाताना ते मोकळे लागतात.

टोरांटोतल्या काइट नावाच्या संशोधन संस्थेत बर्फाचा उतार करून त्यावर माणसं चालवतात आणि कोणता बूट घसरतो ते तपासतात. जो टिकतो त्याला हिमकणांच्या खुणांनी दर्जा देतात. लेकीला त्या यादीत बघून बूट निवडायला सांगा. नुसते जाड आणि केसाळ दिसणारे बूट बर्फावर टिकतीलच असं नाही. शिवाय बुटांवर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात, ते एकेक जोडी घ्या. फक्त दुकानात किंवा स्टेशनात शिरताना ते काढायचे, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. बूट घेताना एक जाड लोकरी मोजा घालून बघा आणि आत बोटं हलली पाहिजेत. मोज्यांवर मोजे चढवून पाय कोंबला तर रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो.

साडीचं म्हणाल तर साडी सोडू नका, फक्त ती घरात आणि समारंभाला ठेवा. रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं. त्याने वितळलेला बर्फ करड्या चिखलासारखा होतो आणि साडीचा काठ तो शोषून घेतो. वाळला की पांढरे डाग राहतात. बाहेर जाताना आतून अस्तर असलेली पँट आणि वर लांब कुर्ता, एवढं केलंत तरी पुरे. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण लांब जॅकेटाखाली कोणी काय घातलंय हे कोणालाच दिसत नाही. आणि साडीच नेसायची असली तर परकराऐवजी आत जाड लेगिंग आणि पायात बूट, अशा थाटात आपल्या बायका तिथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जातात. टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, त्यांचे कार्यक्रम लेकीला बघून ठेवायला सांगा. दारात बुटांची रांग, आत काळ्या साड्या आणि तिळगूळ. चौदा जानेवारीला अजून बाळ आलेलं नसेल, तर जाऊन याच.

दारातून बाहेर पडायला तिथे वेळ लागतो, तेवढा आधीच धरा. दाराशी एक स्टूल ठेवून घ्या. आधी बसून बूट, मग मफलर, मग जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, मग कानटोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले तर चेन लागत नाही, पुन्हा काढावे लागतात. किल्ली, कार्ड, रुमाल हे बाहेरच्या खिशात ठेवा. फोन मात्र आतल्या खिशात, कारण गारठ्याने त्याची बॅटरी भराभर उतरते. घराचा पत्ता कागदावर लिहून सोबत असू द्या. ह्यांना सुरुवातीला हे सगळं जाच वाटेल. आठवड्याभरात हात आपोआप चालतात.

आता ह्यांच्या तब्येतीचं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. लेकीचं घर स्वतंत्र आहे म्हणजे दारापुढचा बर्फ काढावा लागणार. जावई कामाला गेलेला असेल, ह्यांना राहवणार नाही आणि हे फावडं उचलतील. उचलू देऊ नका. ओला बर्फ दगडासारखा जड असतो. गार हवेने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्यात ते ओझं. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येणं ही तिथल्या डॉक्टरांना दर हिवाळ्यात दिसणारी गोष्ट आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने तो मोह टाळावा. पोहोचल्या दिवशीच जावयासमोर हे स्पष्ट बोलून टाका, म्हणजे पुढे कोणाला संकोच नको.

ह्यांच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा, निघायच्या आठवड्यात नको. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात पाहुणे बसत नाहीत, त्यामुळे विमा हवाच. सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा, असेल तर किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिजिटर व्हिसावर सक्ती नसली तरी विम्याशिवाय विमानात बसू नका. अर्जात रक्तदाब आणि अँजिओप्लास्टी दोन्ही लिहा, लपवलंत तर ऐनवेळी दावा नाकारतात. आणि पॉलिसीतली जुन्या आजारांची अट नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत प्रवासाआधीच्या ठरावीक काळात औषध किंवा डोस बदललेला नसावा असं असतं. म्हणून बदल करायचा तर आधीच करून घ्यायचा. औषधं मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. ९० दिवसांपर्यंतचा साठा चालतो. तुमचा मुक्काम त्याहून थोडा जास्त आहे, तेव्हा उरलेल्या दिवसांची सोय तिथल्या डॉक्टरांकडून करायला लेकीला सांगून ठेवा. त्याच भेटीत दोघांच्या फ्लूच्या आणि डांग्या खोकल्याच्या लसीचं विचारा. नव्या बाळाजवळ जायच्या निदान दोन आठवडे आधी डांग्या खोकल्याची लस झालेली असावी.

घरात तुम्हाला थंडी वाजणार नाही. पण हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, कधी नाकातून रक्त येतं. कोकमाचं तेल घेऊन जा, रात्री टाचांना चोळून मोजे घाला. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी करू नका. दाराची मूठ धरली की चटका बसतो, तो कोरड्या हवेतल्या विजेचा. घाबरू नका.

बाळाचं थोडंसं. तेल लावा, अंघोळ घाला, दिंकाचे लाडू करा, सगळं करा. धुरी मात्र देऊ नका. ती घरं हवाबंद असतात, धूर कोंडतो, आणि धुराची घंटा वाजली की बाळंतीण घाबरीघुबरी होते. गाडीतल्या बाळाच्या खुर्चीत जाड जॅकेट घालून पट्टे आवळायचे नाहीत, पट्टे सैल राहतात. आधी पट्टे, मग वरून पांघरूण. लेक हे सांगेल तेव्हा ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ असं म्हणू नका. इथे तिचंच बरोबर आहे.

आणि आता शहर. तुम्ही हे शेवटी आणि जरा संकोचून विचारलंत, पण मला त्याचाच आनंद झाला. फिंचजवळ राहणं हे तुमचं नशीब आहे. पहिल्याच आठवड्यात दोघांसाठी बस-सबवेच्या भाड्याचं प्रेस्टो कार्ड घ्या. ह्यांना ६५ च्या वरचं सवलतीचं भाडं लागेल, ते कार्डावर नोंदवून घ्या. एकदा कार्ड टेकवलं की दोन तास बस, ट्राम, सबवे, जाणं-येणं सगळं त्याच भाड्यात. कोणाला गाडी काढ म्हणून सांगावं लागत नाही.

पहिली सहल एका स्टेशनाची करा. फिंचहून पुढचंच स्टेशन नॉर्थ यॉर्क सेंटर. तिथे उतरलात की बाहेर न पडता आतूनच मोठ्या सार्वजनिक वाचनालयात जाता येतं. आत बसून वाचायला पैसे लागत नाहीत, कोणी उठवत नाही. शेजारच्या मेल लास्टमन चौकात बर्फावर घसरणारी पोरं दिसतात. तुम्ही शिक्षिका आहात. दोन-तीन वर्षांची मुलं तिथे कशी पडतात, न रडता उठतात आणि पुन्हा पाय टाकतात, ते बघत तुम्ही तासभर उभ्या राहाल. ही एक फेरी तुम्ही दोघांनीच करा, लेकीला न घेता. तिच्यावाचून घराबाहेर पडून सुखरूप परत आलात, की नातेवाइकांनी घातलेली निम्मी भीती तिथेच जाईल.

मग लांब जा. त्याच गाडीने युनियन स्टेशनला उतरा. तिथून पाथ नावाचं जमिनीखालचं पायवाटांचं जाळं सुरू होतं. ३० किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना दुकानं, खाणावळी, वर बँकांचे मनोरे. बाहेर वादळ असलं तरी आत नुसत्या स्वेटरवर दोन तास चालता येतं. वाट चुकते, सगळ्यांचीच चुकते. तिथल्या लोकांना विचारा, ते थांबून सांगतात. फक्त शनिवार-रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून मधल्या वारी जा.

माझी स्वतःची आवडती जागा म्हणजे ॲलन गार्डन्स. भर शहरातली काचेची जुनी घरं, त्यातलं घुमटाचं पाम हाउस १९१० सालचं. प्रवेश फुकट, वर्षभर उघडं. कोणतं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का तेवढं आधी बघा. बाहेर उणे १०, आणि दार ढकलून आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, क्षणभर काही दिसत नाही. आधी वास येतो, ओल्या मातीचा. मग चष्मा पुसून बघावं तर समोर केळीची पानं. फेब्रुवारीत मन उतरलं की मी तिथे एका बाकावर जाऊन बसायची. तुम्हालाही तो बाक लागेल.

एखाद्या रविवारी जावयाला आगाखान म्युझियमकडे न्यायला सांगा. म्युझियम बघाच, पण त्याच्या समोरचं इस्माइली पंथाचं केंद्र, इस्माइली सेंटर, चुकवू नका. २०१४ मध्ये उघडलेली ही वास्तू आपल्या वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, ज्यांनी नवी मुंबईच्या आखणीत मोठा वाटा उचलला. प्रार्थनागृहावरचं काचेचं छत बर्फाळ दिवशी आतून उजळलेलं दिसतं. मुंबईच्या उन्हापावसासाठी आयुष्यभर घरं बांधलेल्या माणसाने त्या करड्या उजेडाचं काय केलंय, ते पाहून मला फार भरून आलं होतं.

नायगारा साधारण १३० किलोमीटर आहे. हिवाळ्यात तिथली बोट बंद असते, त्याची हळहळ नको. धबधबा वाहतच असतो, उडालेले तुषार कठड्यांवर आणि झाडांवर गोठून सगळं काचेचं झाल्यासारखं दिसतं. लिफ्टने खाली जाऊन धबधब्याच्या पाठीमागे उभं राहता येतं, ते बाराही महिने चालू असतं. डिसेंबरातच जाऊन या आणि ते खिळेवाले पट्टे न विसरता न्या.

एक नेम करा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य पावणेआठला उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. म्हणून जेवण झालं की लगेच, बारा ते दोनच्या मध्ये, रोज वीस मिनिटं बाहेर. बाळ आल्यावरही. एकाने बाळाजवळ बसावं, दुसऱ्याने जावं, मग पाळी बदलावी. साताऱ्याला फोन करायचा तर सकाळी आठला करा, तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा (मार्चच्या मध्यानंतर साडेपाच) झालेले असतात आणि सगळे घरी सापडतात.

तूर्तास एवढंच करा. संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असतात तेव्हा, जाड मोजे घालून कोऱ्या कागदावर उभे राहा आणि दोघांनीही दोन्ही पावलं पेन्सिलीने आखून घ्या. अंगठ्यापासून टाचेपर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये शेजारी लिहा आणि लेकीला फोटो पाठवा. तुम्ही पोहोचाल त्या दिवशी दाराशी बूट तयार असले पाहिजेत.